काकांची स्मरणपुस्तिका करायची आहे: १८ कॅसेटी, तीन आल्बम, एक ट्रंक. सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे धाकटे काका गेल्या मार्चमध्ये गेले. वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३४ वर्षं प्राथमिक शिक्षक, आणि गावच्या भजनी मंडळात शेवटच्या आजारपणापर्यंत पेटीवर. तिथी फाल्गुन वद्य सप्तमी. वर्षश्राद्धाला येणाऱ्यांच्या हातात त्यांची छोटी पुस्तिका द्यावी असं आम्हा पुतण्या-भाच्यांचं ठरलंय. ए-फाइव्ह आकार, ४८ पानं, १०० प्रती. हातात साधारण पाच महिने.

सामान असं: चिकट पानांचे दोन आल्बम आणि काळ्या कागदाचा एक जुना, मिळून १४० फोटो. थोड्या निगेटिव्ह. भजनाच्या १८ कॅसेटी, घरच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र) १९८५ ते १९९८ या काळात भरलेल्या, काही घरी विजेवर, काही देवळात सेलवर. पत्र्याच्या ट्रंकेत आंतरदेशीय पत्रं, टाचणवह्या, नोकरीचे कागद. त्यांचा मोबाइल चालू आहे, त्यात व्हॉट्सअॅपवरचे त्यांचे बोललेले निरोप आहेत. माणसांत काकू ७४ वर्षांच्या, आणि सगळ्यात मोठी आत्या ८६ ची, तिला ऐकू कमी येतं.

कोणतं काम आधी करावं, कशात नुकसान होऊ शकतं, आणि छापखान्याकडे जाताना काय तयार हवं, हे जाणकारांनी सांगावं.

---

आजोळ

पाच महिने पुरतील, पण क्रम नीट लावा. छपाई सगळ्यात शेवटी. जे उद्या हातात नसेल ते आधी.

आधी तारीख नक्की करा. श्राद्ध तिथीने होतं आणि चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे मध्ये अधिकमास नसेल तर वर्षश्राद्ध इंग्रजी तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी येतं. मार्चची तारीख डोक्यात धरून छापखान्याशी बोललात तर पुस्तिका कार्यानंतर हातात पडेल. गुरुजींना आजच विचारून कागदावर लिहून घ्या.

मग मोबाइल. प्रीपेड सिम ९० दिवस काहीच वापर नसला तर बंद होऊ शकतं आणि नंबर पुढे दुसऱ्या कुणाला जातो. व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं की पुसलं जातं. म्हणून रिचार्जही चालू ठेवा आणि व्हॉट्सअॅप अधूनमधून उघडत राहा. फोन रीसेट करू नका, कुणा मुलाला वापरायला देऊ नका. अँड्रॉइड असेल तर केबलने संगणकाला जोडून 'व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्स' हा फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्या. फाइलींच्या नावातच तारीख असते, ती नावं बदलू नका. ओपस प्रकारच्या फाइली असतात, व्हीएलसीत वाजतात. त्यांनी ज्यांना निरोप पाठवले त्यांच्याही फोनमध्ये ते आहेत. फोन बदलण्याआधी त्यांच्याकडूनही मागून घ्या.

तिसरी आत्या. तिच्याकडे या आठवड्यात जा. कॅसेटी आणखी दोन महिने थांबतील.

जाताना २० फोटो मोठे करून न्या, वहीएवढे. 'काका कसे होते?' हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याला एकच उत्तर येतं, 'देवमाणूस होता', आणि पुढे काही सरकत नाही. नेमकं विचारा. लहानपणी झोपायचा कुठे? शाळेत जाताना डब्यात काय असायचं? पहिली पेटी कुणाची, शिकवली कुणी? पहिल्या नेमणुकीच्या गावी कसं जायचं, कोणती एसटी, उतरून चालायचं किती? राग आला की काय म्हणायचा, अगदी शब्दशः? सदऱ्याच्या खिशात काय असायचं? या प्रश्नांची उत्तरं माणसाला समोर उभं करतात.

आत्याला ऐकू कमी येतं तर प्रश्न ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून न्या, एका पुठ्ठ्यावर एकच. ओरडून विचारल्यावर माणूस दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळा होतो. ध्वनिमुद्रण फोनवर चालेल: एअरप्लेन मोड, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर, पंखा बंद, कुकर लावायच्या आधीची वेळ. दोन मिनिटं बोलून परत ऐका, मगच पुढे. एका बैठकीत ४० मिनिटांपेक्षा जास्त नको. आणि आत्या, काकू यांना वेगवेगळं बसवा. एकत्र बसवलं की एक बोलते आणि दुसरी मान हलवते.

---

टेपडेक

कॅसेटींबद्दल लिहितो. आवाज पुन्हा भरता येत नाही, म्हणून इथे घाई नको.

हात लावण्याआधी प्रत्येक कॅसेटीच्या वरच्या कडेला असलेल्या दोन प्लास्टिकच्या जिभल्या मोडून टाका. त्या शाबूत असतील तर चुकून लाल बटण दाबलं की काकांच्या आवाजावर खोलीतला आवाज भरला जातो. मग कॅसेटीला क्रमांक, कव्हरवरचं हस्ताक्षर दिसेल असा फोटो, आणि वहीत नोंद. ते हस्ताक्षर पुस्तिकेतही शोभेल.

मग खिडकीशी धरून फितीचा गठ्ठा पाहा. तपकिरी, गुळगुळीत, एकसारखा हवा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत, वाजवायची नाही. एका बाजूला फीत वर उचललेली दिसली तर अडकेल. फीत ढिली असेल तर षटकोनी पेन्सिल भोकात घालून हळू फिरवून घट्ट करा. तोंडाशी मधोमध पितळी पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, तो जागेवर आहे ना ते बघा. तो गळाला की फीत हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकत नाही आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. लोक फीत खराब झाली म्हणून टाकून देतात, आणि बिघाड असतो त्या तुकड्याचा.

वाजवायला चांगल्या स्थितीतला कॅसेट डेक मिळवा. बाजारात मिळणारे वॉकमनसारखे स्वस्त यूएसबी प्लेअर टाळा, त्यांचा वेग डगमगतो. डेकचा पट्टा सैल असला की पेटीचा लांब सूर लाटेसारखा हलतो, तेव्हा पट्टा आधी बदलून घ्या. हेड, कॅपस्टन (फीत ओढणारी धातूची दांडी) आणि रबरी चाक दर दोन-तीन कॅसेटींनंतर पुसायचं: धातूच्या भागांना कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबराला नुसतं ओलसर फडकं. अल्कोहोलने रबर कडक होतं.

पुढचा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. घरच्या टू-इन-वनचं हेड किंचित तिरकं असतं. त्याच यंत्रावर कॅसेट ठीक वाजते, दुसऱ्यावर टाळांची चमक जाते आणि शब्द घोगरे येतात. डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. मूळ जागेची खूण करून घ्या, कॅसेट चालू ठेवा आणि स्क्रू अगदी केसभर इकडे-तिकडे फिरवा. टाळ जिथे सर्वांत स्वच्छ वाजतील ती जागा खरी. एकाच टू-इन-वनवर भरलेल्या सगळ्या कॅसेटींना बहुधा तीच जागा लागू पडते, म्हणून त्या सलग उतरवा.

जोडणी डेकच्या लाइन-आउटमधून लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. ते भोक माइकच्या कमजोर सिग्नलसाठी असतं, डेकचा सिग्नल तिथे फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. आवाजाची उंच टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या, पखवाजाच्या थापेवर लक्ष ठेवा. तासाला सुमारे एक जीबी जागा लागते, म्हणजे १८ साठ मिनिटांच्या कॅसेटी १८-१९ जीबीत बसतील. डेकवरचं खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण बंद. एकेक बाजू अखंड उतरवा, अभंग नंतर कापा. बाजू उलटतानाचे, सूर लावतानाचे, 'हं, घ्या' म्हणतानाचे आवाज मूळ फाइलीत राहू द्या. काका त्यातच जास्त सापडतील.

खरखर काढण्याचा मोह आवरा. नॉइज रिडक्शन जास्त दिलं की टाळांचा नाद पाण्याखाली गेल्यासारखा होतो, कारण टाळ आणि खरखर दोन्ही वरच्या कंप्रतेत असतात. ६ डेसिबलच्या आसपास थांबा, आणि तेही प्रतीवर करा.

---

निगेटिव्ह_पस्तीस

फोटोंचं सांगतो. आल्बमचं काहीही सोडवण्याआधी प्रत्येक पानाचा अख्खा फोटो काढा. कोणता फोटो कोणाच्या शेजारी होता यावरून साल आणि प्रसंग ठरतो, आणि एकदा गठ्ठा झाला की ते गेलं.

चिकट पानांच्या आल्बममध्ये प्लास्टिकखालचा गोंद वर्षांनी घट्ट धरतो. नखाने कोपरा उचलला की फोटो मधोमध मोडतो. दात साफ करायचा मेण नसलेला धागा घ्या, फोटोच्या मागे सरकवा आणि करवतीसारखा हळू ओढत न्या. पान उचलून धागा जात नसेल तिथे थांबा आणि फोटो पानासकटच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवायचाच नाही, रंगाचा थर काचेवर राहतो. काचेतूनच स्कॅन करायचा.

४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, पुस्तिकेचं पूर्ण पान सहज भरतं. पासपोर्टएवढा फोटो असेल तर १२००. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह मिळाली तर तीच स्कॅन करा, २४०० ते ३२०० डीपीआयला, त्यासाठी वरून प्रकाश देणारा स्कॅनर लागतो. छापील फोटोपेक्षा निगेटिव्हमध्ये तपशील जास्त असतो आणि कडेचे कापले गेलेले लोकही सापडतात.

ऐंशीच्या दशकातले काही रंगीत फोटो मधाच्या पोळ्यासारख्या खरखरीत कागदावर असतात. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, प्रत्येक खळग्याची सावली उमटते, आणि चेहऱ्यावर जाळी आल्यासारखी दिसते. उपाय सोपा आहे. फोटो एकदा सरळ स्कॅन करा, मग १८० अंशांत उलटा ठेवून पुन्हा. फोटो-एडिटरमध्ये दुसरं चित्र फिरवून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के करा. दोन विरुद्ध सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि चेहरा मोकळा होतो.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं. मऊ पेन्सिलने फक्त क्रमांक, बाकी वहीत: कोण (डावीकडून उजवीकडे), कुठे, कोणी सांगितलं. मागचा स्टुडिओचा शिक्का स्कॅन करायला विसरू नका, गाव कळतं. लॅमिनेशन कधीही नको. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडतो आणि कागदात उतरतो.

नातेवाइकांकडून फोटो मागवाल तेव्हा 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं स्पष्ट लिहा. नुसता फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो लहान करतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कॅसेटी पाहिल्या. १४ चांगल्या, दोघींचा फेल्टचा तुकडा गळलाय, एक तुटलीय, आणि १९८७ च्या सप्ताहाच्या कॅसेटीवर पांढरी भुकटी आहे. टेपडेक, या चौघींचं काय करावं? शिवाय एक कॅसेट लावून पाहिली तर काकांचा आवाज मला पातळ, बारीक वाटला. ते असे गात नव्हते.

---

टेपडेक

गळलेल्या फेल्टवर: कॅसेटीला पाच स्क्रू असतात. ते काढा, कॅसेट आडवी ठेवूनच वरचं झाकण उचला, आत चाकं आणि पातळ पत्रे कसे बसलेत त्याचा फोटो घ्या. एखाद्या जुन्या बिनकामाच्या कॅसेटीतली फेल्टसकट पितळी पट्टी काढून इथे बसवा. कवच स्क्रूऐवजी चिकटवलेलं असेल तर कडेने उकलून फितीची दोन्ही रिळं स्क्रूच्या कवचात हलवायची.

तुटलेली: खास स्प्लायसिंग टेप मिळते, तीच वापरा. दोन्ही टोकं एकमेकांवर न चढवता तिरकी कापून जुळवा, आणि टेप मागच्या बाजूला लावा, हेडला टेकणाऱ्या बाजूला नाही. सेलोटेप लावली तर गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात.

बुरशी: ती कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन-तीन आठवडे ठेवा. ओलसर बुरशी पसरते, सुकली की झटकता येते. मग अंगणात, तोंडाला मास्क लावून, कवच उघडून मऊ ब्रशने झटका. नव्या कवचात बसवून पेन्सिलने हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेताना मध्ये मऊ कोरडं कापड धरा. फीत वेढ्यावेढ्याला चिकटून ओढली जात असेल तर तिथेच सोडा आणि हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याकडे द्या. ही कॅसेट सगळ्यात शेवटी वाजवा आणि लगेच डेक पुसा, नाहीतर भुकटी बाकीच्या सतरा कॅसेटींत जाईल.

आता पातळ आवाज. तुमचा कान बरोबर आहे. भरताना टू-इन-वन हळू फिरत असेल, तर नीट वेगाच्या डेकवर तेच गाणं जलद आणि चढ्या पट्टीत वाजतं. सेलवर भरलेल्या कॅसेटीत सेल उतरत जातात, म्हणून सुरुवात ठीक आणि शेवटाकडे आवाज आणखी चढतो.

हे मोजायला काकांची पेटीच वापरा. मंडळातल्या जुन्या टाळकऱ्यांना विचारा, मास्तर कोणत्या पट्टीत गायचे. समजा काळी एक म्हणाले. कॅसेट चालू ठेवून पेटीवर काळी एक दाबा. टेपवरचा सा पांढरी दोनशी जुळला तर वेग साधारण ६ टक्के जास्त आहे, कारण शेजारच्या दोन सुरांत तेवढाच फरक असतो. आणि टेपवरचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडला, तर वेग नक्की चुकलाय, कुणाला विचारायचीही गरज नाही. पेटीला मधला सूर नसतोच.

ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच' वापरा, नुसतं 'चेंज पिच' नाही, कारण लयही बिघडलेली आहे. अर्ध्या टक्क्याने खाली आणत जा, पेटी आणि टेप एकत्र वाजवून थरथर थांबेपर्यंत. विजेवर भरलेल्या कॅसेटीत ५० हर्ट्झची गुणगुण असते, तिच्यावरूनही वेग काढता येतो, पण तेव्हा विजेची वारंवारता बरीच खालीवर व्हायची. पेटी जास्त भरवशाची.

---

जुळारी

छापखान्याचं.

४८ पानं म्हणजे ए-फोरचे १२ ताव मधोमध दुमडून, कव्हर वेगळं. सेंटर पिनला (दुमडीवर पिना मारून केलेल्या बांधणीला) पानांची संख्या चारच्या पटीत लागते, तुमची आहे. १०० प्रतींना डिजिटल छपाईच परवडते, ऑफसेटच्या प्लेटचा खर्च एवढ्या प्रतींवर पडू देऊ नका. आत १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा न चकाकणारा कागद, फोटोंची पानं १३० जीएसएम आर्ट पेपर, कव्हर ३०० जीएसएम, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि म्हाताऱ्या माणसांना चेहरा दिसत नाही. आर्ट पेपर वेगळा असल्याने फोटोंची पानं अख्ख्या तावांत बसवावी लागतील, म्हणजे मधली १६ पानं सलग फोटोंची करा. सोपं पडतं.

१२ ताव एकात एक बसले की आतले ताव बाहेर सरकतात, साधारण दीड मिलिमीटर, आणि कटिंगमध्ये तेवढी आतल्या पानांची कड जाते. बाहेरची समासाची जागा किमान १२ मिलिमीटर आणि पिनेकडची १५ ठेवा. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोंना चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कटिंगमध्ये जाणारा जादा भाग).

वाचणारे साठीच्या पुढचे जास्त असणार. अक्षर १३ पॉइंट, ओळीचं अंतर १८. या मापात पानावर साधारण १८० शब्द बसतात. मजकुराची ३२ पानं धरली तर शीर्षकं, वंशावळ वगळून ५००० शब्दांच्या वर जाऊ नका. लोक कमी पानांत जास्त मजकूर कोंबायला सांगतात आणि मग कुणीच वाचत नाही.

आता मराठी अक्षरांचा घोटाळा. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप कराल, छापखान्याकडे श्रीलिपीसारखे जुने फाँट असतील, आणि रूपांतरात 'ऱ्या', 'ठ्ठ', 'द्ध' मोडतील. त्यामुळे टाइप केलेली फाइल देऊच नका. लिब्रेऑफिसमध्ये पानं लावून फाँट एम्बेड केलेली, म्हणजे फाँट फाइलीतच बसवलेली, पीडीएफ द्या. इनडिझाइन वापरणारा कुणी असेल तर त्याला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू करायला सांगा, नाहीतर वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. मजकूर लावण्याआधी एक चाचणीचं पान छापून बघा: विठ्ठल, वऱ्हाड, ज्ञानेश्वर, ब्राह्मण, सिद्धी, कृष्णा, श्राद्ध, दुसऱ्या. सगळं नीट आलं तर पुढे. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडा. तरी बदलले नाहीत तर त्या फाँटात मराठी वळण नाही, दुसरा घ्या.

लेख मागवताना विषय नेमून द्या. एकाला शाळा, एकाला पेटी, एकाला शेत, एकीला त्यांच्या हातचा चहा. प्रत्येकी ३०० शब्द, एकच प्रसंग. विषय दिला नाही तर दहा लेखांत 'प्रेमळ, परोपकारी, मनमिळाऊ' दहादा येतं आणि काका कुठेच दिसत नाहीत.

मुद्रितशोधन दोघांनी करायचं, आणि त्यातला एक घरचा नको. नावं त्या त्या माणसाला फोनवर वाचून दाखवा. फेब्रुवारीत छापखाने लग्नपत्रिकांत बुडालेले असतात, म्हणून पीडीएफ कार्याच्या तीन आठवडे आधी द्या आणि एक प्रत छापून हातात घेतल्याशिवाय उरलेल्या ९९ ना होकार देऊ नका.

---

बखरवाचक

तारखांबद्दल थोडं. ट्रंकेतले कागद आधी चाळा. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, कागदाची एक बाजू हाताने दाबून सरळ रेषेत सरकवून काढा. वर्तमानपत्राची कात्रणं फोटोंपासून दूर ठेवा, त्यांच्या आम्लाने शेजारचा कागद तपकिरी होतो.

शिक्षक होते, म्हणजे नेमणुका आणि बदल्या सेवापुस्तिकेत तारखेसह असतात. घरी तिची प्रत नसली तर पेन्शनच्या कागदांवर निदान नोकरी लागल्याची आणि निवृत्तीची तारीख मिळेल. जन्मतारखेबाबत मात्र सावध राहा. कागदांवर १ जून असेल तर ती बहुधा शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली आहे. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांची तारीख तीच आहे. खरी तारीख जन्मटिपणात शोधा. तिथे शके असेल: शकात ७८ मिळवा, आणि जन्म जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतचा असेल तर ७९. शके १८६७ चा श्रावण म्हणजे १९४५, त्याच शकातला माघ म्हणजे १९४६.

वंशावळीत बायकांची माहेरची नावं आणि गावं घाला. काकू, आत्या, आजी, सगळ्यांची. ती आता विचारली नाहीत तर पुढच्या पिढीला सांगणारं कुणी नसेल.

---

कृष्णाकाठ

आत्याकडे जाऊन आलो. पुठ्ठ्यावर प्रश्न लिहून नेले होते, दोन बैठकांत ७० मिनिटं बोलली. आता तीन शंका. पेटी कुठून आली याबद्दल आत्या म्हणते आजोबांनी बैल विकून घेतली, काकू म्हणतात मंडळाने वर्गणी काढून दिली. काय छापावं? दुसरं, आवाजाच्या फाइलींसाठी पुस्तिकेत क्यूआर कोड घालावा का? तिसरं, पेटीचा भाता गळतोय आणि दोन सूर दबलेत. वर्षश्राद्धाला मंडळाचं भजन आहे, त्याआधी तिच्यावरच वाजावं म्हणून ती दुरुस्तीला देणार आहोत.

---

आजोळ

दोन्ही छापा. 'आत्या सांगते', 'काकू सांगतात', असं नावानिशी, शेजारी शेजारी. कदाचित पेट्याही दोन असतील. कॅसेटींच्या काळातल्या फोटोंत पेटी दिसते का, आणि ती एकच आहे का, ते निगेटिव्ह_पस्तीस म्हणतात तसं स्कॅन करून मोठं करून पाहा. जमिनीचे, वाटणीचे वाद आत्या बोलली असेल तर ते पुस्तिकेत नको, पण ध्वनिमुद्रण कापू नका. घरात जपून ठेवा.

---

जुळारी

क्यूआर घाला, पण थेट दुव्याचा. काही संकेतस्थळं मध्ये स्वतःचा दुवा घालून कोड देतात, काही महिन्यांनी पैसे मागतात, आणि छापलेला कोड मुका होतो. किमान २ सेंटिमीटर, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा. फाइली काकांच्या खात्यात ठेवू नका. गूगलचं खातं दोन वर्षं वापरात नसेल तर गूगल ते पुसू शकतं. रोज वापरणाऱ्या एखाद्या पुतण्याच्या खात्यात ठेवा. शिवाय दोन हार्ड डिस्क, एक गावी आणि एक दुसऱ्या घरी. दरवर्षी त्यांच्या तिथीला दोन्ही लावून दोन-तीन अभंग ऐका, म्हणजे डिस्क बिघडायला लागली असेल तर वेळेत कळेल.

---

टेपडेक

पेटी अजून देऊ नका! दुरुस्तीत सूर घासून नव्याने लावले जातात, आणि मग काकांच्या कॅसेटींचा वेग ज्याच्याशी ताडायचा तो सूरच बदलतो.

आधी हे करा. शांत खोलीत पेटी ठेवा, फोन हातभर अंतरावर. पेटी खर्ज-नर, म्हणजे सुरांच्या दोन ओळींची, असेल तर एका वेळी एकाच ओळीचा स्टॉप उघडा. डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी पाच-पाच सेकंद दाबा, भात्याचा दाब सारखा ठेवून, कारण जोर कमी-जास्त झाला की सूरही किंचित हलतो. भाता गळतोय म्हणून हवा मध्येच संपेल, तिथे ती पट्टी पुन्हा घ्या. साडेतीन सप्तकांच्या ४२ पट्ट्यांना साडेतीन मिनिटं लागतात, दोन ओळी असतील तर सात. दबलेल्या दोन पट्ट्यांचं नाव बोलून पुढे जा. फाइलीला तारीख घाला आणि कॅसेटींच्या मूळ फाइलींबरोबर ठेवा.

मग दुरुस्तीला देताना कारागिराला सांगा, भाता आणि दबलेले सूर तेवढे करा, बाकीच्या सुरांना हात नको. पट्ट्यांवर बोटांनी झालेले खळगे असतील तर तेही घासून सपाट करू नका म्हणावं.